संगणक-शंका: अनेक डेस्कटॉपांतून एकच ठेवताना

(या सदरातील आज्ञा आणि पॅकेजांची नावे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकित करावीत. नावामधील जोडरेघ तशीच ठेवावी.)

प्रश्न: माझ्याकडे चार जीबी स्मृतीचा जुना लॅपटॉप असून त्यावर मी उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली बसवली आहे. मूळचा ग्नोम डेस्कटॉप (पडद्यावरचा मेनू, पट्टी आणि खिडक्या दाखवणारा प्रोग्रामसंच) जड वाटला म्हणून मी आधी केडीई प्लाझ्मा आणि नंतर एका मित्राच्या सांगण्यावरून एक्सएफसीई बसवला. आता एक्सएफसीई माझ्या अंगवळणी पडला आहे आणि मला तो एकटाच हवा आहे. मात्र मेनूमध्ये फायली पाहण्याचे तीन प्रोग्राम, तीन टर्मिनल आणि तीन ठिकाणच्या सेटिंग्ज दिसतात. संगणक सुरू होताना कुबुंटूचे, म्हणजे प्लाझ्मा असलेल्या उबुंटूचे, चिन्ह येते. 'कुबुंटू-डेस्कटॉप' हे पॅकेज मी काढून टाकले, तरी प्लाझ्मा जसाच्या तसा राहिला. असे का झाले? बाकीचे डेस्कटॉप काढल्यावर संगणक वेगवान होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण अनेकजण याच अपेक्षेने हे काम हाती घेतात आणि नंतर निराश होतात. डिस्कवर बसवलेला पण आपण ज्यात प्रवेश केलेला नाही असा डेस्कटॉप स्मृती जवळजवळ वापरत नाही. प्लाझ्माचे शेल प्लाझ्मात आणि ग्नोमचे शेल ग्नोममध्ये शिरल्यावरच सुरू होते. आपण एक्सएफसीईमध्ये काम करू लागलात तेव्हाच जो फरक पडायचा तो पडला. बाकीचे दोन काढल्यावर डिस्कवर जागा मोकळी होईल, अद्ययावत करताना उतरवाव्या लागणाऱ्या पॅकेजांची संख्या घटेल आणि मेनू सुटसुटीत होईल. ही कारणे पुरेशी आहेत, पण वेग वाढावा एवढाच हेतू असेल तर चार जीबीच्या यंत्रावर ब्राउझरमधील उघड्या पानांची संख्या कमी ठेवण्याने अधिक लाभ होतो.

आता 'कुबुंटू-डेस्कटॉप' काढूनही काहीच का हलले नाही ते पाहू. या नावाचे पॅकेज म्हणजे किराणा मालाची यादी आहे. तिच्या पोटात स्वतःचा म्हणावा असा एकही प्रोग्राम नसतो, कोणकोणती पॅकेजे आणायची एवढेच तिच्यात लिहिलेले असते. यादी फाडली म्हणून डब्यांतली डाळ-तांदूळ नाहीसे होत नाहीत. यादीमुळे आलेल्या प्रत्येक पॅकेजावर ॲप्ट (पॅकेजे बसवणारे आणि काढणारे साधन) 'आपोआप आलेले' अशी खूण करून ठेवते आणि 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा दिल्यावर ज्यांच्यावर आता कोणाचाच हक्क उरलेला नाही अशी पॅकेजे काढते. हक्काची व्याख्या मात्र फार उदार आहे. दुसऱ्या एखाद्या पॅकेजाने त्याची नुसती शिफारस केली असेल किंवा ते सुचवलेले असेल, तरीही ॲप्ट ते ठेवते. तीन डेस्कटॉप एकत्र नांदत असताना असे परस्पर सुचवण्याचे धागे शेकड्यांनी असतात आणि म्हणूनच प्लाझ्मा तसाच उभा राहिला.

हीच यंत्रणा उलट दिशेने चालली की लोकांच्या संगणकावर काळा पडदा येतो, त्यामुळे येथे थोडे थांबतो. समजा, कोणीतरी दिलेली पन्नास-साठ पॅकेजांची लांबलचक यादी आपण टर्मिनलमध्ये चिकटवली आणि तिच्यातले एखादे पॅकेज 'झुबुंटू-डेस्कटॉप'ला (एक्सएफसीई असलेल्या उबुंटूची यादी; रोमन लिपीत xubuntu-desktop) आवश्यक असले, तर ॲप्ट त्याच्याबरोबर 'झुबुंटू-डेस्कटॉप'ही काढेल. त्या क्षणी काहीच बिघडलेले दिसणार नाही, कारण तीही एक यादीच आहे. पण त्यानंतर कधीतरी, कदाचित महिन्याभराने, आपण सहज म्हणून 'ऑटोरिमूव्ह' दिलेत की आपला आवडता एक्सएफसीईच निराधार ठरून पुसला जाण्याचा धोका उभा राहतो. एका आवृत्तीसाठी तयार केलेली यादी दुसऱ्या आवृत्तीवर वापरू नये असे मी आग्रहाने सांगतो, ते यासाठी.

म्हणून काढण्याच्या आधी ठेवण्याची व्यवस्था करावी. घरच्या फोल्डरची ('होम', जिथे आपल्या फायली असतात) प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि 'टाइमशिफ्ट' या साधनाने प्रणालीचा ठसा घेऊन ठेवा. टाइमशिफ्ट मुळात घरचे फोल्डर वगळतो, त्यामुळे ही दोन कामे वेगळी आहेत आणि एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही. त्यानंतर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल झुबुंटू-डेस्कटॉप' ही आज्ञा द्या ('सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने). ते आधीच बसवलेले असले तरी या आज्ञेने त्यावर 'मुद्दाम बसवलेले' अशी खूण पक्की होते. हे पॅकेज शेवटपर्यंत राहू द्यावे याला आणखी एक कारण आहे. उबुंटूची पुढची आवृत्ती चढवणारे साधन संगणकावर यांपैकी कोणती यादी आहे ते पाहून आपण कोणत्या प्रकारचे उबुंटू वापरता हे ठरवते. एकही यादी सापडली नाही तर ते अडून बसू शकते.

मग एक आठवडा फक्त एक्सएफसीईमध्ये काढा. हा काळ वाया गेला असे समजू नका. वायफाय, आवाज, छपाई, झाकण मिटल्यावर झोपणे, प्रोजेक्टर जोडल्यावर चित्र येणे हे सारे आपल्या रोजच्या कामात तपासून होते. दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागेल.

पहिली गोष्ट पासवर्डांची. प्लाझ्मा आपले पासवर्ड 'केवॉलेट' नावाच्या तिजोरीत ठेवतो, ग्नोम आणि एक्सएफसीई 'ग्नोम-कीरिंग' वापरतात. क्रोम आणि क्रोमियम हे ब्राउझर साठवलेले पासवर्ड कुलूपबंद करताना त्या त्या डेस्कटॉपच्या तिजोरीतली किल्ली घेतात. त्यामुळे प्लाझ्मात असताना क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड एक्सएफसीईमध्ये उघडत नाहीत आणि प्लाझ्मा पूर्ण काढल्यावर ते सहजासहजी हाती येत नाहीत. प्लाझ्मा अजून शाबूत आहे तोवर त्यात एकदा प्रवेश करून क्रोममधून पासवर्डांची फाइल बाहेर काढा, एक्सएफसीईमध्ये आल्यावर ती आत घ्या आणि लगेच पुसून टाका, कारण त्या फाइलीत सर्व पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. प्लाझ्मात जोडलेल्या वायफायचे पासवर्डही केवॉलेटमध्ये असू शकतात, ते कागदावर टिपून ठेवा. फायरफॉक्स आपली तिजोरी स्वतःजवळच बाळगतो, त्याला या बदलाची झळ पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट मराठी टंकलेखनाची. ग्नोममध्ये निवडलेला मराठी कळफलक ग्नोमच्याच नोंदींत राहतो, एक्सएफसीईला त्याचा पत्ता नसतो. एक्सएफसीईच्या सेटिंग्जमध्ये कळफलकाच्या पानावर जाऊन प्रणालीचा मूळ आराखडा वापरण्याची खूण काढली की मराठी आराखडा जोडता येतो. आपण आयबसच्या साहाय्याने ध्वन्यात्मक पद्धतीने लिहीत असाल, तर 'आयएम-कॉन्फिग' हे साधन चालवून आयबस निवडा आणि एकदा बाहेर पडून पुन्हा आत या. देवनागरी अक्षरवळणेही एखाद्या डेस्कटॉपच्या यादीबरोबर आलेली असू शकतात. काढायच्या पॅकेजांत 'फॉन्ट्स' या शब्दाने सुरू होणारे नाव दिसले तर ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज मुद्दाम बसवून घेतले की त्याच्यावर आपली खूण राहते. ('लोहित' म्हणजे तांबडा. रेड हॅट या कंपनीच्या नावातला रंग या अक्षरवळणाच्या नावात आला आहे.)

आता प्रवेशाचा पडदा. प्रत्येक डेस्कटॉप आपापला द्वारपाल घेऊन येतो. ग्नोमचा जीडीएम३, प्लाझ्माचा एसडीडीएम आणि झुबुंटूचा लाइटडीएम. एका वेळी एकच कामावर असतो. जो कामावर आहे त्यालाच काढून टाकले आणि दुसऱ्याची नेमणूक केलीच नाही, तर संगणक सुरू होतो पण प्रवेशाचा पडदा येत नाही. म्हणून आधी 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लाइटडीएम' ही आज्ञा द्या, समोर येणाऱ्या निळ्या-करड्या चौकटीत लाइटडीएम निवडा, संगणक पुन्हा सुरू करा आणि नव्या पडद्यावरून एक्सएफसीईमध्ये नीट प्रवेश होतो याची खात्री करा. ही खात्री झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका.

काढताना आधी प्लाझ्मा आणि मग ग्नोम हा क्रम ठेवावा, आणि त्याचे कारण या डेस्कटॉपांच्या जन्मकथेत आहे. केडीई प्रकल्पाची घोषणा १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये मथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने केली. त्यासाठी निवडलेली क्यूटी ही प्रोग्राम-सामग्री तेव्हा पूर्णपणे मुक्त परवान्याखाली नव्हती. या आक्षेपातून मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी १९९७ मध्ये ग्नोमचा प्रारंभ केला आणि जीटीके ही वेगळी सामग्री वापरली. एक्सएफसीई ऑलिव्हिए फुर्दाँ यांनी १९९६ मध्येच सुरू केला होता, तोही पुढे जीटीकेवर आला. क्यूटीचा प्रश्न केव्हाच सुटला आहे, पण घराणी दोन राहिली. प्लाझ्मा वेगळ्या घराण्यातला असल्यामुळे एक्सएफसीईला धक्का न लावता बराच स्वच्छपणे निघतो. ग्नोम आणि एक्सएफसीई मात्र चुलत भावंडे आहेत, त्यांची भांडीकुंडी एकत्र आहेत, म्हणून ती वाटणी सावकाश करावी लागते.

प्लाझ्मासाठी 'सुडो ॲप्ट परज' (रोमन लिपीत purge) या आज्ञेपुढे 'प्लाझ्मा-डेस्कटॉप', 'प्लाझ्मा-वर्कस्पेस' आणि 'एसडीडीएम' ही तीन नावे द्या. ॲप्ट लगेच काही काढत नाही, काय काय काढणार ते आधी छापते आणि शेवटी किती जागा मोकळी होईल ते सांगून आपली संमती मागते. ही यादी वाचणे हाच या साऱ्या खटाटोपाचा गाभा आहे. नुसते एंटर दाबले तर ॲप्ट त्याला होकार समजते, म्हणून हात कळफलकापासून दूर ठेवून यादी वाचा. तिच्यात 'झुबुंटू' किंवा 'एक्सएफसीई४' ने सुरू होणारे नाव, 'लाइटडीएम' किंवा 'नेटवर्क-मॅनेजर' दिसले तर 'एन' दाबून बाहेर पडा आणि दिलेल्या नावांपैकी कोणते त्यांना ओढून नेत आहे ते एकेक नाव देऊन शोधा. सारे ठीक असेल तर होकार द्या, आणि मग 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह' देऊन तिचीही यादी तशीच वाचा.

यानंतरही डॉल्फिन, केट, कोन्सोल असे काही प्रोग्राम उरतील. ते नेमके कोणते, हे आठवत बसण्याची गरज नाही. प्रणालीच्या 'व्हार' फोल्डरात 'लॉग', त्यात 'ॲप्ट' आणि त्यात 'हिस्टरी डॉट लॉग' ही फाइल असते. आपण कोणत्या दिवशी कोणती आज्ञा दिली आणि तिच्यामुळे कोणती पॅकेजे आली याची पूर्ण नोंद तिच्यात मिळते. जुन्या महिन्यांच्या नोंदी तिथेच गुंडाळून ठेवलेल्या असतात. कुबुंटू बसवल्याच्या दिवशीची नोंद उघडा आणि तिच्यातून नको असलेले प्रोग्राम निवडा. एखादा आवडीचा असला, उदाहरणार्थ पीडीएफ वाचणारा ओक्युलर, तर तो खुशाल ठेवा. त्याच्यासाठी केडीईच्या काही सामायिक फायली मागे राहतील आणि त्या तशा राहणेच योग्य आहे.

ग्नोमसाठी 'ग्नोम-शेल', 'उबुंटू-सेशन' आणि 'जीडीएम३' ही नावे द्या. त्यांच्याबरोबर 'उबुंटू-डेस्कटॉप' आणि 'उबुंटू-डेस्कटॉप-मिनिमल' या याद्या निघतील, ते अपेक्षितच आहे. मात्र नावात 'ग्नोम' आहे म्हणून सगळे सरसकट काढण्याचा मोह कटाक्षाने टाळा आणि तारांकन लावून 'ग्नोम' ने सुरू होणारे सर्व काही पुसण्याची आज्ञा कधीही देऊ नका. 'ग्नोम-कीरिंग' ही आपली पासवर्डांची तिजोरी आहे आणि 'नेटवर्क-मॅनेजर-ग्नोम' हे नाव असलेले पॅकेज एक्सएफसीईच्या पट्टीवर वायफायचे चिन्ह दाखवते. ग्नोम काढल्यावर संगणक पुन्हा सुरू करा आणि दोन दिवस वापरल्यावरच 'ऑटोरिमूव्ह' द्या.

सुरुवातीच्या कुबुंटू चिन्हासाठी 'सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' या आज्ञेला दोन जोडरेघा आणि 'कॉन्फिग' असे जोडून पुढे 'डिफॉल्ट डॉट प्लायमाउथ' लिहा, हवा तो क्रमांक निवडा आणि 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस' ला जोडरेघ व 'यू' जोडून ती चालवा. प्लाझ्माबरोबर ते चिन्ह आपोआप गेले असेल तर याची गरज पडणार नाही.

'परज' ही आज्ञा आपल्या घरच्या फोल्डरला हात लावत नाही. प्लाझ्मा आणि ग्नोमच्या वैयक्तिक नोंदी तिथल्या लपलेल्या 'कॉन्फिग' फोल्डरात तशाच राहतात. त्या जागा फार खात नाहीत आणि त्रासही क्वचितच देतात. फाइल उघडताना भलताच प्रोग्राम समोर आला किंवा अक्षरांची ठेवण विचित्र दिसली, तर एक नवे खाते तयार करून त्यात प्रवेश करून पाहा. तिथे सगळे नीट दिसत असेल तर दोष आपल्या जुन्या नोंदींत आहे. अशा नोंदी पुसण्यापेक्षा त्यांचे नाव बदलून महिनाभर ठेवाव्यात, असा माझा सल्ला आहे.

आणि सर्व काळजी घेऊनही पडदा काळाच राहिला, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबा. अक्षरांचा पडदा येईल, तिथे आपले नाव व पासवर्ड द्या. 'एनएमटीयूआय' टंकित केल्यास वायफाय जोडता येते, तेही न जमल्यास मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट घ्या. मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल झुबुंटू-डेस्कटॉप' दिल्याने जे निघून गेले ते बव्हंशी परत येते.

निर्णय पक्का करण्यापूर्वी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. उबुंटू २४.०४ ला मूळ ग्नोमसह पाच वर्षे, म्हणजे २०२९ पर्यंत साहाय्य आहे, पण झुबुंटू आणि कुबुंटू या भावंडांना तीनच वर्षे, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत आहे. तोवर पुढच्या दीर्घ साहाय्याच्या आवृत्तीवर जाण्याची तयारी ठेवावी लागेल.

प्रश्न: आमच्या शाळेच्या संगणक कक्षात बारा संगणकांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. बसवताना ग्नोम आणि एक्सएफसीई या दोन्हींवर खूण केली गेली. मुले दरवेळी वेगळा डेस्कटॉप निवडतात आणि तासाची पहिली दहा मिनिटे गोंधळात जातात. सर्व संगणकांवरून ग्नोम काढावा लागेल का?
– एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: काढणे आवश्यक नाही, निवडीची वाट बंद केली तरी आपले काम होते. प्रवेशाच्या पडद्यावर जे पर्याय दिसतात ते 'यूएसआर' फोल्डरातील 'शेअर' मध्ये असलेल्या 'एक्ससेशन्स' आणि 'वेलँड-सेशन्स' या दोन फोल्डरांतील छोट्या फायलींवरून येतात. ग्नोमच्या फायली तिथून दुसरीकडे हलवल्या की पर्याय दिसेनासा होतो. हा उपाय झटपट आहे, पण पॅकेज अद्ययावत झाले की त्या फायली परत येतात, म्हणून शाळेसाठी तो पुरेसा नाही.

अधिक टिकाऊ मार्ग असा, की आधी लाइटडीएमला द्वारपाल नेमावे आणि त्याच्या सेटिंग्जच्या फाइलीत 'सीट' (फाइलीत [Seat:*]) या विभागाखाली 'यूझर-सेशन' ची किंमत 'एक्सएफसीई' अशी लिहावी. नव्या खात्यांना तेवढ्याने एक्सएफसीई मिळेल. जुन्या खात्यांचे तसे नाही, कारण 'अकाउंट्स-सर्व्हिस' प्रत्येकाची शेवटची निवड लक्षात ठेवते आणि तिलाच अग्रक्रम मिळतो. प्रत्येक खात्यातून एकदा एक्सएफसीई निवडून आत गेले की ती नोंदही बदलते. मुलांसाठी एकच सामायिक खाते असेल तर हे काम बारा वेळा करून संपते.

ग्नोम काढायचाच असेल तर डेबियनमध्ये 'टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप' ही यादी मुद्दाम बसवून पक्की करावी, आणि मग वर सांगितलेल्या पद्धतीने 'टास्क-ग्नोम-डेस्कटॉप', 'ग्नोम-शेल' आणि 'जीडीएम३' काढावेत. सुट्टीत एका संगणकावर हे करा, त्यावर आठवडाभर मुलांना बसू द्या, छपाई आणि मराठी टंकलेखन तपासा आणि मगच उरलेल्या अकरांना हात लावा. वर्गातल्या मुलांना ज्या दिवशी यंत्रे हवी असतील त्या दिवशी ती बंद असता कामा नयेत, ही आपली काळजी मला पूर्ण समजते.

प्रश्न: लिनक्स मिंटच्या सिनॅमन आवृत्तीवर मी केडीई प्लाझ्मा बसवला आहे. आता सिनॅमन पूर्ण काढून निव्वळ प्लाझ्मा ठेवावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: माझ्या मते सिनॅमन काढू नये. मिंटची स्वतःची केडीई आवृत्ती १८.३ या क्रमांकापाशी थांबली आणि २०१८ च्या १९ व्या आवृत्तीपासून ती निघाली नाही. मिंटची अद्ययावत करणारी व इतर साधने सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई यांना धरून तपासली जातात. सिनॅमन काढल्यावर आपल्याजवळ जे उरेल त्याची चाचणी कोणी केलेली नसेल आणि बिघाड झाल्यास मदत करणाऱ्यालाही ते ओळखीचे नसेल. प्लाझ्माच मनापासून आवडला असेल तर घरच्या फोल्डरची प्रत घेऊन कुबुंटू, डेबियनचा केडीई पर्याय किंवा फेडोराची केडीई आवृत्ती नव्याने बसवा. सिनॅमन उखडण्यात जी संध्याकाळ जाईल, तेवढ्याच वेळात हेही होईल.